खंड्या आणि सकाळची एसटी

कुत्रं शिकवणं सोपं असतं, असं मला सांगू नका. मी शिकवलंय.

साठ-बासष्ट सालची गोष्ट. वाईहून येणारी एसटी ओढ्यापलीकडं असतानाच आमचा खंड्या भुंकायला लागायचा आणि थांब्यावर आली की चाकांवर धावून जायचा. एकदा ड्रायव्हर म्हणाला, “आबा, कुत्रं आवरा. न्हाईतर हितं गाडी थांबणार न्हाई.”

मला कुणाचा शब्द खपत नाही. महिनाभर रोज खंड्याला घेऊन थांब्यावर बसलो. गप बसला की भाकरीचा तुकडा त्याला, भुंकला की त्याच्यादेखत मीच खायचो. शेवटी गाडी नाकासमोरून गेली तरी तो हूं की चूं करीना.

त्याच दिवशी निम्मं गाव माझ्या दारात आलं. शेजारचा तातोबा म्हणाला, “लय शिकवलंस गड्या! खंड्या भुंकला की आमी घरातनं निघायचो. आज समद्यांची गाडी चुकली.”

म्हटलं, उद्यापासून परत भुंकायला शिकवतो.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढ्यापलीकडं दिसताच खंड्याला दाखवायला मीच भुंकलो. तो शांत बसून बघत राहिला. आठवडाभर तेच.

पण गावात कुणाची गाडी पुन्हा चुकली नाही.