चोरीच्या मालावर बाबाची चाल

मी आसगावची, काय सांगू जी तुमाले, आमच्या बाबाचा जन्म धानाच्या बांधीत गेला, पण जीव सारा दंडारीत, गावच्या नाचगाण्याच्या खेळात. ढोलकी त्यायची, चालही त्यायचीच. एक चाल त्यायनं अशी बांधली का मधातच थांबते, ऐकणाऱ्याले वाटते चुकले बापा, अन् मंग उचलते. ते चाल आसगावच्या दंडारीशिवाय कुठंच नाई.

शेजारचा विनोद आमच्याच आंगणात झांज वाजवाले शिकला. पुढं आमी दोघंही पवनीले कंप्युटर शिकलो. मराठी टायपिंग शिकवाचा प्रोग्राम मीनं बनवला, एकटीनं, त्यानं फक्त पाह्यलं. क्लासवाले विकत नेऊन राहिले होते, घर चालून राहिलं होतं, अन् एकाएकी सारे बंद. काहून, तं म्हणे ताई, इंटरनेटवर फुकट भेटते, तुमचं कुलूप कोणं तरी तोडलं. धंदा बुडाला जी. विनोद समजवाले आला, माह्या हातचा चहा पिऊन गेला.

मंग परदेशातल्या पोलिसायनं एकाच दिवशी कितीक देशात धाडी टाकल्या. प्रोग्रामायचे कुलूप तोडणारी टोळी होती ते, सारे खोट्या नावाचे. एक धागा भंडाऱ्याले निघाला. त्या मालात माहाही प्रोग्राम होता, म्हणून आपले पोलीस माह्याकडं आले, म्हणे बाई, कोण असन हा, अन् टोळीनं सोडलेली कुलूप तोडाची फाईल कंप्युटरवर चालवून दाखवली. त्या टोळीत रीतच तशी, चोरी केली का आपलं टोपणनाव टाकाचं, वरतून गाणं वाजवाचं, शेखी मिरवाले. वाजलं जी. मधातच थांबलं. साहेब म्हणे बिघडलं वाटते. मी म्हटलं थांबा साहेब. अन् उचललं.

चोरी करून सही कोण करते, सांगा. मीनं विनोदचं नाव सांगतलं, पुढं होऊन त्याचं दार दाखवलं. त्याच्या कंप्युटरात सारं सापडलं. त्याची माय पाया पडाले आली, म्हणे तुह्या भावासारखा आहे वं. मी म्हटलं मावशी, प्रोग्राम नेला तं रडून घेतलं मीनं, पण माह्या बाबाची चाल चोरीच्या मालावर वाजवली, त्याले माफी नाई. कोर्टातही तेच बोलली.

आता सुटून आला तो. माह्या झेरॉक्सच्या दुकानासमोर टपरी आहे, तिथं येते. मीनं ते चाल फोनच्या रिंगले लावली. त्यानं कप तोंडाले लावला का मी दुकानातल्या फोनवरून माह्याच मोबाईलले लावते. चाल मधात थांबते, तो बी थांबते, अन् उचलली का चहा टाकून उठते. बाबा म्हणते सोड आता बाई. नाई सोडत. त्याले शंभर वर्षं आयुष्य भेटो जी, माहा फोन ऐकाले.