पुण्याहून आलेले लाडू

दुबईत, ऊद मेथा भागातल्या क्लिनिकखाली टेलिफोन बूथच्या रांगेत माझ्यापुढे एक मराठी जोडपं होतं. बाईंच्या हातात रक्ताचा रिपोर्ट होता.

"प्रणव, परत वाच ना. पॉझिटिव्हच आहे?"

"चौथ्यांदा वाचतोय, सुरुची. पॉझिटिव्हच आहे."

"गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाल्या, आधी अकरा किलो उतरवा, मग इंजेक्शनं नीट लागू पडतील. मला वाटलं, टाळतायत."

"मला तर त्यांचा रागच आला होता."

"आणि तिकडे तुझी आई! पुण्याहून येईल त्याच्या हाती डिंकाचे लाडू. म्हणे, अंगात ताकद नसेल तर दिवस कसे राहतील?"

"एकही लाडू वाया नाही गेला हं."

"ते दिसतंय तुझ्या पोटावर."

"यल्ला, चल, नंबर आला आपला. आईला काय सांगू? अकरा किलोंचं सांगू?"

"काही नको. कार्ड घाल आणि फोन माझ्याकडे दे... हॅलो, आई? मी सुरुची. अहो, दिवस राहिले मला! ... रडू नका ना. ... हो, हो, तुमच्या लाडवांचाच गुण. ... छे हो, प्रणवला एकसुद्धा दिला नाही."