तीन पट्ट्यांचा एकच ढीग

मी, सुरेखा संघपाल मगरे, वय ४२ वर्षे, धंदा शेतमजुरी, राहणार साळेवाडी, ता. अंबड, जि. जालना. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी कुटुंबासह राहते. शेजारी मच्छिंद्र व त्याची पत्नी दीपमाला राहतात. मच्छिंद्र याने शेतातील कापूस चोरीस गेल्याची तक्रार दिली आहे. तो कापूस चोरीस गेलेला नाही. तो माझ्या ओसरीवर आहे.

दीपमाला हिने यंदा एकाच वाणाची सरकी तीन पट्ट्यांत, तीन अंतरांवर लावली होती. एक पट्टा दाट, एक मधला, एक पातळ. मच्छिंद्र म्हणायचा, "झाडं जास्त, तर कापूस जास्त." ती म्हणायची, "दाटीत माणूस वाढत न्हाई, झाड काय वाढंल? हे वाण फांद्या पसरून राह्यलं, त्याला जागा द्या." तिन्ही पट्ट्यांचा कापूस वेगळा वेचून वेगळा तोलायचा, असे त्यांचे ठरले होते. हे मला माहीत होते.

वेचणीच्या तोंडावर दीपमालाला जालन्याच्या दवाखान्यात नेले. मच्छिंद्र सोबत गेला. ज्या घरात दुखणे असते, त्या घरचा कापूस आमच्या गल्लीतल्या बाया सावडीने वेचून देतात. मजुरी घेत नाहीत. आभाळ आले होते, म्हणून सोमवारी पहाटे आम्ही शेतात गेलो.

धुके फार होते. शेत कुठे संपते आणि धुके कुठे लागते ते कळत नव्हते. दाट पट्ट्यात फांद्या पदर मागे ओढत होत्या. बाया दिसत नव्हत्या, नुसते बोलणे ऐकू येत होते. पुढे झाडे दूर दूर झाली, तेव्हा बाया कमरेपासून वर दिसू लागल्या, पांढऱ्यात तरंगल्यासारख्या. मग बोलणेही थांबले. ओटी भरली की गाठोड्यात ओतायची, एवढेच सुचत होते. ऊन पडले तेव्हा शेत रिकामे होते आणि सगळा कापूस एका ढिगात होता.

मच्छिंद्रच्या घराला कुलूप असल्याने तो माझ्याकडे ठेवला. त्या दिवशी दीपमालाचे ऑपरेशन होते, म्हणून फोन केला नाही. रिकामे शेत पाहून भावकीतल्या कोणीतरी त्याला चोरी झाल्याचे कळवले, त्यावरून त्याने तक्रार दिली.

आज सकाळी मच्छिंद्र गावी आला, तेव्हा मी त्याला ओसरीवरचा ढीग दाखवला. ढिगात कोपरापर्यंत हात घालून म्हणाला, "वैनी, यातला पातळातला कोनता?" आमच्यासोबत वेचायला आलेली झुंबरबाई म्हणाली, "कापसालाच इचार की रे, बाबा." तो हसला. मग खाली बसला. डॉक्टरांनी त्याला काय सांगितले ते मला माहीत नाही. मी विचारले नाही.

तेवढ्यात दीपमालाचा मला फोन आला. आवाज बारीक होता.

"अक्का, कोनत्यात जास्त निघाला?"

मी सांगितले, "पातळात. तू बराबर होतीस."

ती म्हणाली, "मंग? ह्यांना सांग, पुढच्या साली सगळं पातळच लावायचं. पन मी आल्याबिगर लावू नका म्हनावं."

मच्छिंद्र समोरच होता. त्याने ऐकले.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. लिहिलेले मला मराठीत वाचून दाखवले. ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. खरेही आहे, दीपमालाला फोनवर सांगितले तेवढे सोडून. ते मी बदलणार नाही.