चेतक उतरवताना

हसा लेको, पण आधी पुरतं ऐका. फौजेत मी चेतक हेलिकॉप्टर उतरवून घ्यायच्या कामावर होतो. वरून बारीक शिटी अन् खालून फडफड, असा आवाज दुसऱ्या कशालाच नाही. तो कानी आला की मैदानात धावायचं आणि दोन्ही हात वर करून पायलटला जागा दाखवायची.

परवा दुपारी नवेगावच्या घरी एकटाच पडलो होतो, अन् तोच आवाज! बनियनवरच अंगणात पळालो, हात वर करून उभा राहिलो. आभाळ रिकामं. कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "भाऊजी, कोणाले बोलावून राहिले? घरात तुमचा फोन वाजून राहिला नं!"

ती रिंगटोन मीच हौसेनं लावली होती. इतक्या दिवसांत कोणाचा फोनच आला नाही, म्हणून विसरून गेलो. आत पोचेपर्यंत ती बंद झाली. पुण्याहून पोराचा फोन होता. लगेच उलटा लावला.

"काऊन रे, फोन केला होता?"

"नाही बाबा, खिशात चुकून दाबला गेला."

म्हटलं, "मंग काय झालं? मधून मधून असाच दाबला जाऊ दे."