बशा न फोडणारा नवरा

फिनलंडमध्ये ताम्पेरेला सिनेमा सुटला आणि मी ट्रामच्या थांब्यावर आले, तर शेजारच्या बाकावर तोच सिनेमा बघून आलेले आजी-आजोबा! मी अर्थातच कान टवकारले.

“कसल्या बशा फोडत होता तो नवरा! घर नुसतं डोक्यावर घेतलं.”

“सिनेमा आहे, ताइमी.”

“निदान बायकोला कळलं तरी, हा चिडलाय म्हणून. तू चिडलायस का, उर्पो?”

“कशाबद्दल?”

“तुझ्या वडिलांची होडी मी तुला न विचारता विकली, त्याबद्दल.”

“विकलीस ना? झालं मग.”

“बघ! ‘झालं मग’ म्हणे!”

“अगं, मी ओरडलो का? काही फोडलं का?”

“तेच तर! वर हल्ली कॉफीसुद्धा आधी मला ओततोस.”

“आता कॉफीचाही संशय!”

“बरं, आज शनिवार आहे. घरी गेल्यावर सॉना तापवते. मनात राग ठेवून एकत्र वाफेला बसायचं नाही, असं तुझी आईच सांगायची. बसशील ना माझ्याबरोबर?”

ट्राम आली. आजोबांनी हात धरून आजींना आधी चढवलं.

“उर्पो, मी काहीतरी विचारलं.”

“सॉना तू आधी आटपून घे. मी मागून बसेन.”