डोक्यावर घेतलेला मार

माझं माहेर वडश्याकडलं, सासर नागभीडजवळचं, दोन्हीकडे धानाचीच शेती, त चिखलातून निंगाली न चिखलातच आली असं समजा बाई. आमच्या घरचे, देवराव, कबड्डीत लय नाव त्यायचं, पकडाले उभे राह्यले का समोरचा सुटून जाय नाई, डोकं खाली घालून असे घुसत का त्याचा गुडघा ह्यायच्या कपाळावर बसे. पडत, तोंडावर पाणी मारलं का उठत, पुन्हा मैदानात. लोक टाळ्या वाजवत, मी बी वाजवो, काय सांगू तुमाले, कोणाले काय मालूम होतं.

आता साठीच्या आतच हायेत, पण बांधावर गेले का घराची वाट इसरतात, आन कधी न चिडणारा माणूस मीठ कमी म्हणून ताट फेकून देते. गावात कोणी म्हणे दारूनं झालं, ते त थेंब घेत नाई. कोणी म्हणे करणी केली.

मंग नागपूरची एक डॉक्टरीण आली, जुने खेळाडू शोधून राह्यली होती, डोक्याले मार लागलेल्यायचं पुढं काय होते ते पाहाले. डोकं कितीदा सुन्न झालं, ओकारी झाली का, मलेच इचारे, ह्यायले त आठवे नाई. मी म्हणलं, बाई, माणूस बरा होईन का? ती म्हणे, शेवंताबाई, खोटं नाही बोलत, बरे होतील असं नाही म्हणत, मारानंच झालं हेही आज छातीठोक सांगता येत नाही, म्हणूनच तर तपासतो आहोत. मले रागच आला, मंग काऊन न्यायचं त्यायले, मशीनीत घालाले? त हे खाटेवरून बोलले, मी जातो, पोरंपोरी खेळून राह्यले ना अजून. एवढं साफ बोलले का मी पाह्यतच राह्यली.

गेलो आम्ही, दर वर्षी जातो. गेल्या हिवाळ्यात गावात पोरीयची कबड्डी होती, एकीचं डोकं दुसरीच्या गुडघ्यावर आपटलं, उठली, झोकांडी गेली तरी पुन्हा उभी. हे सरळ मैदानात घुसले, तिचा हात धरला, बस माय, आज खेळू नोको. पंच ओरडला, लोक ओरडले, ह्यायनं हात सोडला नाई, सावलीत आणून बसवलंच तिले. आन घरी आल्यावर मलेच इचारतात, कुठी गेल्तो आपण?

मी म्हणलं, चांगल्या कामाले गेल्तो, जेवा आता. रोजचं असंच हाये बाई, पण माणूस घरात हाये, जेवते, हासते बी. पोरी खेळोत, लय खेळोत, फक्त पडल्या का कोणीतरी बसवाले असो.