टीव्हीच हळू आहे

…आणि वर तो टीव्ही मलाच सांगतो, 'सिग्नल नाही, केबल तपासा'! अहो, तपासली! काढली, पुसली, फुंकर मारली, परत खोचली… भिंतभर काच ती, बातम्या सांगणाऱ्याच्या तोंडावरचे तीळ मोजून घ्या इतकं स्वच्छ दाखवते, आणि माझा चार-आठ रंगांचा गरीब बिचारा जुना कॉम्प्युटर जोडला की म्हणे सिग्नल नाही! मग दोष कुणाचा? टीव्हीचा!

तुम्ही म्हणाल, एवढा जीव का काढतोय हा? तर तुम्हाला सांगतो, हा खटाटोप माझ्यासाठी नव्हताच, आईसाठी होता. हो, आईसाठी! मी शाळेत असताना बाबांनी तो कॉम्प्युटर आणला माझ्या अभ्यासासाठी, सगळ्यांच्याच घरी तो अभ्यासासाठीच आला म्हणा, आणि सगळ्यांच्याच घरी पोरं त्यावर खेळत बसली… आमच्याकडे आई बसली! दुपारी शिवणाचं मशीन थांबलं की ही जॉयस्टिक घेऊन हजर. एक इवलासा काटकुळा माणूस धावतोय, पुढे खड्डा, बटण दाबलं की उडी, बस्स, एवढाच तो खेळ. मी मेलो तरी चौथ्या खड्ड्यापुढे जायचो नाही, आणि ही, बाजारातून काय काय आणायचं ते मला सांगता सांगता थेट शेवटच्या दरवाज्यात! वर मलाच, "ऊठ आता, पुस्तक काढ!"

त्याच हातांना आता कंप सुटलाय. सुईत दोरा जात नाही, कप बशीवर खडखडतो, डॉक्टर म्हणाले, "हे वाढत जाणार, सांभाळून घ्या." मशीनवर चादर तिनेच घातली, आमच्यापैकी कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं. फार वाईट वाटलं हो मला. आणि मग एक दिवस म्हणते कशी, "माळ्यावर तो कॉम्प्युटर असेल ना रे? शिवण तर गेलं. बघू दे, तेवढं तरी येतंय का मला अजून." आता सांगा, तुम्ही काय केलं असतं?

खाली काढून जोडला तर ते 'सिग्नल नाही', मग पळालो दुकानात. दुकानदार म्हणाला, "काही टेन्शन नाही साहेब, ही डबी लावा, इकडून जुनं घाला, तिकडून नवं निघेल!" लावली डबी. आणि चित्र आलं की! पण कसलं? आमचा काटकुळा माणूस टीव्हीच्या रुंदीला ताणला जाऊन असा आडवा सुटलेला! आई म्हणाली, "अगंबाई, ह्याला काय झालं? इतकी वर्षं माळ्यावर नुसता खात बसला होता का?" हसलो आम्ही. फार दिवसांनी हसलो. मग तिने जॉयस्टिक घेतली, पहिला खड्डा आला, बटण दाबलं… धप्प! परत… धप्प! तिने जॉयस्टिक हळूच बाजूला ठेवली. "हात गेले रे माझे," म्हणाली.

उगाच आपलं मीही खेळून बघितलं, तर मीही धप्प! बटण आत्ता दाबायचं आणि हा गृहस्थ निवांत, विचारबिचार करून उडणार! म्हणजे ती डबी जुनं चित्र मोठं करायला वेळ घेते, मग टीव्ही त्याला आणखी नटवत बसतो, तोवर माणूस खड्ड्यात! मी ओरडलोच, "आई, तुझे हात नाहीत गं, टीव्ही हळू आहे!" काय चेहरा खुलला सांगू तिचा! "तरीच म्हटलं!" लगेच मावशीला फोन, "अगं, मी घाबरलेच होते, पण दोष टीव्हीचा!"

मग मी पेटलो. त्या डबीहून भारी वस्तू मागवली, स्केलर म्हणतात तिला, चित्र मोठं करते पण रेंगाळत नाही. भिंतीवरून टीव्ही उतरवला, पालथा घातला, बायको म्हणते, "अहो, माझ्यासाठी कधी एवढा घाम गाळला नाहीत!" मग त्या टीव्हीच्या पोटात कुठेतरी लपवलेला 'गेम मोड' सापडला, त्यात टीव्ही नटवणं सोडून देतो, तो केला चालू. आणि काय सांगू! दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, मधोमध आमचा माणूस, पुन्हा काटकुळा! मी बटण दाबलं की उडी! दुसरा खड्डा, उडी! तिसरा, चौथा, आयुष्यात पहिल्यांदा पाचवा! नाचलो मी. "आई, ये गं लवकर!"

मागे दारातच उभी होती ती. बसली. पहिला खड्डा… धप्प. परत. धप्प. मी तिच्या अंगठ्याकडे बघत होतो हो… तो बटणापर्यंत पोचायचा तोवर खड्डा आलेला असायचा. टीव्ही बरोबर होता. काडीचाही दोष नव्हता त्याच्यात. एवढी मरमर करून मी दुरुस्त काय केलं, तर तिच्याजवळची एकुलती एक सबब!

"अजून हळूच आहे का रे?" तिने विचारलं.

"हो आई. अजून हळूच आहे. दोष… टीव्हीचा."

तिने माझ्याकडे बघितलं. "मग मघाशी तू कसा गेलास रे पलीकडे?"

मी उठून परत केबल तपासत बसलो. तिने तो थरथरता हात माझ्या पाठीवर ठेवला आणि म्हणाली, "बरं बाबा. हळूच आहे."

आता घरी कुणीही येवो, पाणी प्यायच्या आत आई त्यांना टीव्ही दाखवते, "एवढा महागाचा आणलान्, पण मला विचारेल तर शपथ! एक उडी धड मारता येत नाही ह्याच्यावर!" पाहुणे माझ्याकडे बघतात, आणि मी मान खाली घालून म्हणतो, हो ना, माझंच चुकलं… पुढचा टीव्ही घेताना आईलाच दुकानात नेणार आहे.